अण्णांच्या खिडकीखाली

आई,

आपली बिल्डिंग पाडली. स्वयंपाकघरातला तुझा तो काळा कडप्प्याचा ओटा, गच्चीवरची गळकी टाकी, जिन्याचा झिजलेला कठडा, सगळं पावसाळ्याच्या आधी ट्रकमध्ये भरून गेलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही. त्याच जागेवर आता नवी बिल्डिंग उभी आहे. तिचा नकाशा मी काढलाय. सोसायटीतली माणसं येता-जाता म्हणतात, आपल्यातलीच पोरगी, म्हणून इतक्या मायेनं काम केलं. मी हसते आणि पुढं जाते. माया होती, नाही असं नाही. पण कागदावर पहिली रेघ ओढली तेव्हा माझ्या मनात माया नव्हती. मला अण्णांवर सूड उगवायचा होता. तुझ्यासाठी. हे मी कुणालाच बोललेले नाही, घरात ह्यांनाही नाही. तुला सांगते.

अण्णा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, गुळाच्या अडत दुकानाचे मालक, तू होतीस तोवर आणि तू गेल्यावरही कितीतरी वर्षं सोसायटीचे चेअरमन. त्यांची ओळख तुला करून द्यायला नको. पण इतक्या वर्षांत तू त्यांचं नाव एकदाही रागानं घेतलं नाहीस, त्यामुळं मला कधी कधी वाटायचं, हिला सगळं आठवतंय ना? मला आठवतं. मी तेव्हा नववीत होते आणि शनिवारी सकाळची शाळा असायची, म्हणून शनिवारच्या दुपारी मला बघायला मिळायच्या.

बिल्डिंगच्या मधोमध मातीचा चौक आहे. कोपऱ्यात शेवगा, शेवग्याखाली चटई. दुपारची भांडी झाली की तू हार्मोनियम काखेत मारून खाली उतरतेस. मग एकेक बाई येते. कुणी निवडायला गहू घेऊन, कुणी झोपलेलं पोर खांद्यावर टाकून. तू कुणाकडून काही घेत नाहीस. शेवग्याच्या शेंगा तेवढ्या सगळ्यांनी वाटून न्यायच्या. तू प्रत्येकीकडून आधी नुसता सा लावून घेतेस आणि तो लागेपर्यंत पुढं सरकत नाहीस. मधेच कुणाच्या तरी सासूच्या तापाची गोष्ट निघते, कुणीतरी उठून घरातली गोळी आणून देते, कुणाचं पोर रडतं ते भलत्याच बाईच्या मांडीवर जाऊन झोपतं. गेटाबाहेर भाजीवाला गाडा थांबवून उभा राहतो आणि गाणं संपल्याशिवाय ओरडत नाही. मी पायरीवर बसून भूगोलाचं पुस्तक उघडं ठेवते आणि एक अक्षर वाचत नाही. पुढं कॉलेजात वस्ती कशी असावी यावर मोठमोठी पुस्तकं वाचली तेव्हा प्रत्येक पानावर मला तोच चौक दिसायचा.

अक्का सगळ्यात मागं बसायच्या. अण्णांच्या बायको, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण चेअरमनीणबाई म्हणून सगळ्याच त्यांना अक्का म्हणायच्या. डोक्यावरून पदर, मान खाली. त्यांचा आवाज जाड, जवळजवळ पुरुषी. पहिल्या दिवशी कुणीतरी हसलं होतं, तेव्हापासून त्या नुसते ओठ हलवायच्या. तू ते बरेच दिवस चालू दिलंस आणि एका शनिवारी त्यांना पुढं बोलावून घेतलंस.

"अक्का, नुसतं तोंड हलवू नका. मला दिसतंय सगळं. आवाज काढा."

"वैनी, माझा आवाज म्हंजे फुटका डबा हाय. कशाला चारचौघींत हसं?"

"डबा वाजवल्याबिगर कसं कळंल फुटका हाय का धड? लावा."

त्यांनी लावला. पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला. तू भाता हलवत राहिलीस. आणि मग लागला. खालचा, भरदार, अंगणभर पसरणारा. गहू निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. तू हळूच म्हणालीस, "सोडू नका. धरून ठेवा तसाच." अक्कांचा पदर खांद्यावर आला होता, डोळे मिटलेले, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कुठल्याच मोठ्या बाईच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. नेमके तेव्हाच अण्णा गेटातून आत आले. दुकानातून लवकर आले होते. मागं दोन हमाल, डोक्यावर घरच्यासाठी आणलेल्या गुळाच्या ढेपा. हमाल गाणं ऐकत उभे राहिले, त्यातला एक खुशीत मान हलवायला लागला. अण्णांनी त्या हमालाकडं बघितलं, मग बायकोकडं. अक्कांनी डोळे उघडले आणि सूर तुटला. अण्णा एवढंच म्हणाले, "चला रे वर." बस्स.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग लागली, त्याच चौकात. पुरुषांना लोखंडी खुर्च्या, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर चहाचे कप धरून. अण्णा उभे राहिले. "हे गाणंबिणं बंद करायला पायजे. बाहेरची माणसं गेटात हुभी ऱ्हात्यात. उद्या हितं तमाशाचा फड बसंल. घरंदाज माणसांची सोसायटी हाय ही." बायकांमध्ये चुळबुळ झाली. तू कप खाली ठेवलास आणि उभी राहिलीस. "मला बोलायचंय," म्हणालीस. मला अजून तुझा आवाज ऐकू येतो, जराही कापत नव्हता. अण्णांनी तुझ्याकडं नीट वळूनसुद्धा बघितलं नाही. "वैनी, तुम्ही सभासद न्हाई. सभासद बसलेत हितं. बसा."

घर बाबांच्या नावावर होतं. सगळ्यांनी बाबांकडं बघितलं. बाबा बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर सही करायचे, पण त्या दिवशी त्यांना मान वर करता आली नाही. "बहुमत असेल ते," ते म्हणाले. आणि तू बसलीस. पायरीवर. उभी राहून बोलली असतीस तर कुणी तुला उचलून नेलं असतं का? तू बसलीस.

त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस आणि मी दारात उभी राहून म्हणाले, "तू भित्री आहेस." तुझा हात थांबला नाही. परातीतलं पीठ, तव्यावरची वाफ, आणि तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "सगळ्याच गोष्टी तुला कळायला पायजेत असं काय न्हाई. ताटं घे." मला वाटलं होतं तू रडशील, निदान मला एक ठेवून देशील. तू ताटं घे म्हणालीस. मी ताटं घेतली आणि त्या दिवसापासून तुझ्याशी कितीतरी वर्षं नीट बोलले नाही.

सातआठ बायका तुझ्याकडं आल्या होत्या, सह्या करून अर्ज देऊ म्हणत होत्या. तू त्यांना सांगितलंस, माझा घसा बिघडलाय, डॉक्टरांनी गायला नको म्हटलंय. त्यांना वाटलं तू शिष्ट आहेस, नाहीतर घाबरलीस. हार्मोनियम माळ्यावर गेला, आणि एक दिवस कॉलेजातून आले तर माळ्यावरही नव्हता. तू तो पेठ वडगावला मामाकडं देऊन टाकला होतास, तिथल्या भजनी मंडळाला. त्यानंतर तू गायलीस ती फक्त भांडी घासताना, नळ सोडून. नळ बंद झाला की गाणं बंद. चौकात अण्णांनी शेवगा तोडून काँक्रीट ओतलं. आधी स्कूटरी लागल्या, मग मोटारी. पोरांना चेंडू खेळायचा तर रस्त्यावर जावं लागायचं. बायका मोटारींच्या मधून साडी सावरत जायच्या आणि एकमेकींना मान हलवून वर निघून जायच्या. शेजारी कुणी आजारी आहे हे दारात ॲम्ब्युलन्स आल्यावर कळायला लागलं. एक गाणं थांबलं, बाकीचं आपोआप थांबत गेलं.

मी आर्किटेक्चरला गेले तेव्हा तू मला ड्रॉइंग बोर्ड घेऊन दिलास. रिक्षातून तो आडवा धरून आणलास, दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुझ्या स्वतःचं असं काहीतरी असू दे." मी थँक्यू म्हणाले की नाही ते आठवत नाही. मला आठवतं ते पुढचं. तू गेलीस, आणि अण्णा समाचाराला आले. आपल्या सोफ्यावर पाय पसरून बसले, चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, "वैनी लई सोशिक बाई हुती." सोशिक. बाबांनी मान हलवली. मी ट्रे घेऊन उभी होते. ज्यानं सोसायला लावलं त्यानंच तुला ते सर्टिफिकेट दिलं, आई. तो शब्द मी तेव्हापासून जपून ठेवला होता.

बाबाही गेले, घर माझ्या नावावर झालं. स्लॅब गळायला लागला, खांबांतून सळ्या दिसायला लागल्या आणि पुनर्विकासाचं ठरलं. नवा चेअरमन मलकापूरकडचा तरुण डॉक्टर. तो म्हणाला, ताई, बाहेरचा माणूस कशाला, तुम्हीच करा की. मी लगेच हो म्हटलं नाही. हो म्हणायला मी कित्येक वर्षं थांबले होते, हे त्याला कळू नये म्हणून दोन दिवस मागून घेतले.

मग मी नकाशा काढला. गाड्या सगळ्या मागच्या अंगाला, खांबांवर उचललेल्या भागाखाली. मधला चौक परत मातीचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच मुरेल आणि उन्हाळ्यात सगळ्या घरांना गारवा राहील. प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी चौकाकडं, कांदा चिरता चिरता खाली पोरावर नजर राहावी म्हणून. जिना रुंद, मधल्या टप्प्यावर बसायला जागा, भाजीची पिशवी टेकवून दोन बायकांना बोलत उभं राहता यावं. पुढच्या गल्लीतून मागच्या गल्लीत निघणारी पायवाट, क्लासला जाणाऱ्या पोरांना मोटारींच्या तोंडी जायला नको. हे सगळं मी समितीला समजावून सांगितलं, सगळं खरं होतं आणि सगळ्यांना पटलं. पण काढलं होतं ते सगळं नंतर. सगळ्यात आधी मी चौकाच्या पूर्वेला एक कट्टा काढला, तीन बाजूंनी मोकळा, वर छप्पर, गाण्यासाठी. आणि त्या छपराला लागून, बरोब्बर वर, अण्णांच्या निजायच्या खोलीची खिडकी.

त्यांनी स्वतःच मागितली होती. "लिफ्ट बंद पडली तर मला चढाय येत न्हाई. पयला मजला दे. आन् खोली वाऱ्याची पायजे." दिली. वारा येतो तिथं, भरपूर. वाऱ्याबरोबर जे यायचं तेही येतं.

नकाशा मंजूर करायची मीटिंग जवळच्या एका शाळेच्या वर्गात झाली. अण्णा काठी घेऊन पहिल्या बाकावर. ऐंशी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, आवाज तसाच. मी बोलत असताना ते मधेच म्हणाले, "आगं, गाड्या मागं लावायच्या म्हंजे माणसानं कितीदा वळसा घालायचा? मधी जागा हाय की एवढी. तिथं माती टाकून काय करायचंय, शेती?" काहीजण हसले. त्यांना जोर चढला. "कट्टा कशाला? रिकामटेकडी येऊन बसत्यात. मी चेअरमन हुतो, मला ठावं हाय. माझ्या दोन गाड्या हायत. मी ह्याला मत देणार न्हाई, आन् कुणी देऊ बी नका." आणि खरंच, गाड्यावाले चुळबुळायला लागले. कोण कुणाकडं जाईल सांगता येईना. डॉक्टर म्हणाला, हात वर करून मतं घेऊ. अण्णांनी विरोधाला हात वर केला.

आई, आता नीट ऐक. चेअरमनकी सोडल्यावर अण्णांनी दुकानाच्या कसल्याशा भानगडीपायी फ्लॅट अक्कांच्या नावावर करून दिला होता. सगळ्या सोसायटीला ते माहीत होतं. पण तरीही प्रत्येक मीटिंगला अण्णाच यायचे, अण्णाच बोलायचे, अण्णाच हात वर करायचे, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मी कित्येक महिने गप्प बसले होते. ते वाक्य चुकीच्या दिवशी खर्च करायचं नव्हतं.

मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही सभासद नाही. सभासद अक्का आहेत. बसा."

"काय?" अण्णा म्हणाले. मी परत म्हणाले, "बसा." एवढंच, पुढं-मागं काही न लावता. ते खाली बसले. पाय थरथरले म्हणून बसले की मी म्हटलं म्हणून, मला कळलं नाही आणि त्याची पर्वाही नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. मला तिथं ती सकाळ दिसायला हवी होती, ती पायरी, तू, तुझा खाली ठेवलेला कप. काही नव्हतं, आई. एका उद्धट पोरीकडं बघावं तसे ते बघत होते. त्यांना आठवतच नव्हतं. मी एवढी वर्षं उराशी धरलेली गोष्ट त्यांच्या लेखी घडलीच नव्हती. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा नववीतसुद्धा आला नव्हता.

डॉक्टरनं मागं वळून विचारलं, "अक्का, तुमचं मत?" अक्का शेवटच्या बाकावर, दाराशी होत्या. अण्णांनी मान वळवली नाही, नुसतं खाकरले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ते खाकरणं पुरत असणार. अक्कांनी हात वर केला. "नकाशाच्या बाजूनं," त्या म्हणाल्या, त्याच जाड आवाजात. मग आणखी हात वर झाले आणि नकाशा मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का माझ्या ऑफिसात आल्या. एकट्या, रिक्षानं. मी त्यांना बाहेर एकटीनं फिरताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आभार मानायला आल्या. त्या खुर्चीत बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "तू आमच्या मालकांचा चारचौघांत अपमान केलास. मी हात वर केला तो तुझ्यासाठी न्हवं. मला खाली बसाय जागा पायजे हुती म्हणून केला." अक्का अजून जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं पुरुषी बोलतात, मी येतो, मी जातो. मग टेबलावरच्या नकाशावर त्यांनी बोट ठेवलं. "ही आमची निजायची खोली न्हवं? आन् हे खाली?"

"गाण्याचा कट्टा."

"मुद्दाम केलंस व्हय?"

खोटं बोलता आलं नाही. मी हो म्हणाले. त्यांनी नकाशावरचं बोट काढून घेतलं. मग डाव्या हाताची बांगडी वर सरकवून मनगट चोळत म्हणाल्या, "त्या शनवारी रात्री ह्यांनी मला मारलं. सांडशीनं. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईचा डबा द्यायला मी खाली गेलतो, तवा तिनं हात बघितला. काय झालं म्हणून इचारलं न्हाई. नुसता हात धरला आन् म्हणाली, अक्का, मी वर्ग बंद करतो. तुमचं नाव कुठं निघणार न्हाई. मीटिंगात तिनं तोंड उघडलं तवा म्हटलं बोलती आता. तिनं माझ्याकडं बघितलं आन् खाली बसली."

तू बसलीस ते अण्णांनी सांगितलं म्हणून नाही. पायरीवर तुझ्या शेजारीच अक्का होत्या, आणि मी इतकी वर्षं त्यांना त्या आठवणीतून वगळलं होतं. घसा बिघडल्याची थाप, माळ्यावरचा हार्मोनियम, सोडलेला नळ, सगळं त्या एका मनगटासाठी. तू एका बाईला वाचवलंस. आणि माझ्या वाट्याला भित्री आई ठेवलीस. एकदा तरी सांगायचं होतंस, शेवटच्या दुखण्यात तरी. मी तुझ्या उशाशी बसून होते, तेव्हासुद्धा माझ्या मनात तो राग होता आणि तू तो तसाच राहू दिलास. तुझ्यावरचा राग मी त्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या काढला आणि अण्णांच्या नावावर लावला. त्यांचं आधीचंच इतकं होतं, की त्यात हे सहज मावलं.

पण अक्कांकडं बघून माझा धीर सुटला. ज्या खोलीला मी शिक्षा द्यायला निघाले होते त्या खोलीत त्याही झोपणार होत्या. मी म्हणाले, "अक्का, खिडकी दुसऱ्या बाजूला घेते. अजून बदलता येतंय."

"काय नको," त्या म्हणाल्या. "मी बी तिथंच निजतो की. मला चालतंय. ऱ्हाऊ दे तशीच. त्येंना ऐकू दे." आणि चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

मी वडगावला गेले होते, हार्मोनियम परत मागायला. मामेभावानं शेतातल्या खोलीतून काढून दाखवला. भाता उंदरांनी खाल्लेला, पट्ट्या निम्म्या गेलेल्या. मी तो आणला नाही. सगळ्यांनी मिळून नवा घेतला. तिसऱ्या मजल्यावर शाळेतल्या एक संगीत शिक्षिका राहायला आल्यात, त्या शिकवतात. लाऊडस्पीकर आणायचा नाही आणि दिवे लागले की थांबायचं, हा नियम मीच घातलाय. गणपतीत डॉल्बीनं छाती फुटायची वेळ आलेली माणसं आहेत इथं, त्यांना त्रास द्यायचा नव्हता. त्रास एकालाच द्यायचा होता. संध्याकाळी पोरं मातीत खेळतात, म्हातारी माणसं पायवाटेनं दोन गल्ल्यांमध्ये फेऱ्या घालतात, तळमजल्यावरच्या बाईंनी परवा चटणीचा मसाला कट्ट्यावरच वाळत घातला तर सगळ्या सोसायटीला शिंका. बाहेरून आर्किटेक्चरची मुलं बघायला येतात, वह्यांत लिहून घेतात, हवा कशी खेळते ते विचारतात. मी त्यांना सगळं सांगते.

अक्का पहिल्या रांगेत बसतात. आई, त्यांचा सूर आता लागत नाही. इतक्या वर्षांत गंजून गेलाय. दहादा घसरतो, मधेच एकदा लागतो, परत जातो. त्या ओठ हलवून वेळ मारून नेत नाहीत. पूर्ण ताकदीनं गातात. वर खिडकी बंद असते. भर वैशाखात, अंगातून पाण्याच्या धारा लागलेल्या असताना, वाऱ्यासाठी मागून घेतलेली ती खिडकी अण्णा घट्ट लावून घेतात. मी रोज बघते. बंद दिसली की मी गाण्याच्या बाईंना सांगते, जरा वरच्या पट्टीत घ्या की, मागच्यांना ऐकू येत नाही. आणि मला बरं वाटतं. इतकं बरं, की रात्री जेवण गोड लागतं.

मागच्या आठवड्यात अण्णा खाली आले. काठी टेकत, भिंतीला धरून, कुणाला न बोलावता. अक्का डोळे मिटून गात होत्या, त्यांना कळलं नाही. कट्टा भरलेला होता. माझ्या शेजारी तेवढी एक जागा होती आणि तिथं माझी पर्स होती. अण्णा खांबाला धरून उभे राहिले. त्यांनी पर्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडानं काही म्हणाले नाहीत. मागावं लागतं हे त्या माणसाला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

तू इथवर वाचलं असतंस तर लगेच म्हणाली असतीस, "उचल की ती पर्स, म्हातारं माणूस हाय." म्हणून तुझा पत्ता असता तरी हे मी तुला पाठवलं नसतं. गाणं मोठं होतं. त्यांचे गुडघे थरथरताना मला दिसत होते, काठीचं टोक मातीत रुतत होतं. मी पर्सवर हात ठेवून बसले होते.